जुना टोन, घरचा आवाज: इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप निवडताना

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचं कंपन विजेत बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग. त्याच्या खोक्यावर ‘व्हिंटेज’ हा शब्द आणि त्याखाली किलोओहममधला एक आकडा, एवढं पाहून बहुतेक खरेदी होते. तो शब्द कोणीही छापू शकतो आणि तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. घरी, कमी आवाजात, एकाच गिटारवर १९५०-६०च्या दशकांतले दोन-तीन प्रकारचे टोन काढायचे असतील, तर कमी वेढ्यांचा आणि मवाळ चुंबकाचा पिकअप घ्यावा. कारण सरळ आहे. पिकअपमधून जास्तीचा ट्रेबल आला तर तो कापायला गिटारवर नॉब आहे. सिग्नल कमी पडला तर ॲम्पवर गेन आहे. पण कॉइलनेच जो ट्रेबल गिळला तो पुढे परत मिळत नाही. इक्वलायझरने वर ओढायला गेलं तर त्याच्याबरोबर खरखरही वर येते.

आकडा काय सांगतो, काय लपवतो

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या एनॅमल तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे स्वतःही किंचित चुंबक बनते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारं क्षेत्र कमी-जास्त होतं आणि कॉइलच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. नायलॉनच्या तारांना हा पिकअप बहिरा असतो तो यामुळेच.

खोक्यावरचा किलोओहमचा आकडा म्हणजे त्या तांब्याच्या तारेचा रोध. वेढे जास्त तर रोध जास्त, इथवर ठीक. पण तार बारीक असली तरी रोध वाढतो. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर (टेली) गिटारच्या नेक, म्हणजे मानेकडच्या, पिकअपला ४३ गेजची तार असते (गेज जास्त तितकी तार बारीक), स्ट्रॅटोकास्टरला (स्ट्रॅट) साधारण ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिमी जाडीची. एका गेजच्या फरकाने तेवढ्याच लांबीचा रोध पावपटीने वाढतो. त्यामुळे टेलीचा ७.५ किलोओहमचा नेक पिकअप ६ किलोओहमच्या स्ट्रॅटपेक्षा ‘गरम’, म्हणजे जोरकस, असतोच असं नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंश सेल्सिअसला ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८ किलोओहम दाखवेल. आवाजात फरक शून्य. दोन पिकअपांत ०.२ किलोओहमचा फरक पाहून एक निवडणारे लोक बहुधा हवामानाची तुलना करत असतात.

खरा उपयोगी आकडा इंडक्टन्सचा (कॉइल झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला किती अडवते त्याचा), हेन्रीमधला. चांगले उत्पादक तो देतात. दिला नसेल तर विचारावा. साध्या एलसीआर मीटरवर तो घरीही मोजता येतो. जुन्या घडणीच्या पिकअपांचे ढोबळ आकडे असे: स्ट्रॅटचा सिंगल कॉइल सुमारे ८००० वेढे, ५.६ ते ६.३ किलोओहम, २.२ ते २.६ हेन्री. गिब्सनचा पीएएफ घाटाचा (१९५०च्या दशकातल्या मूळ नमुन्याचा) हमबकर, म्हणजे गुणगुण मारणारा जोडकॉइल पिकअप, दोन कॉइलींत प्रत्येकी सुमारे ५००० वेढे, ७.२ ते ८.५ किलोओहम, ४ ते ४.५ हेन्री. गिब्सनचाच पी-९० सुमारे १०,००० वेढ्यांची एकच कॉइल, ७.५ ते ८.५ किलोओहम, पण इंडक्टन्स ६ हेन्रीच्या वर. म्हणजे पी-९० आणि पीएएफ किलोओहममध्ये जुळी भावंडं दिसतात, हेन्रीमध्ये अजिबात नाही, आणि कानाला तर मुळीच नाही.

केबलही पिकअपचाच भाग आहे

इंडक्टन्सला इतकं महत्त्व का, ते थोडं सविस्तर पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय इथून निघतात.

कॉइलचा इंडक्टन्स आणि तिला समांतर येणारा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक वारंवारितेवर उंचवटा तयार करतात. त्या उंचवट्यापर्यंत आवाज जातो, त्याच्या वर झपाट्याने उतरतो. तो उंचवटा कुठे बसतो यावरच आपण एखाद्या पिकअपला ‘काचेसारखा’, ‘गोल’ किंवा ‘कोंदट’ म्हणतो. आणि कपॅसिटन्सचा मोठा वाटा पिकअपमध्ये नसतोच, तो केबलमध्ये असतो: साधारण मीटरला १०० पिकोफॅरड.

गणित करून पाहा. २.४ हेन्रीचा स्ट्रॅट पिकअप, कॉइलचे स्वतःचे १०० पिकोफॅरड आणि ५ मीटर केबलचे ५००. उंचवटा सुमारे ४२०० हर्ट्झवर येतो. तोच पिकअप १० मीटर केबलवर लावला की उंचवटा ३१०० हर्ट्झवर उतरतो. आता ४.४ हेन्रीचा पीएएफ ५ मीटर केबलवर घ्या: तोही बरोबर ३१०० हर्ट्झ. यामुळे स्ट्रॅटचा पीएएफ होत नाही, पण ट्रेबलचं छत दोघांचं एकाच उंचीवर येतं. आणि ८ हेन्रीचा, सिरॅमिक चुंबकाचा, जोरकस हमबकर ५ मीटरवर २३०० हर्ट्झच्या आसपास थांबतो. तो वर न्यायचा तर केबलच काढून टाकावी लागेल.

म्हणून कमी हेन्रीचा पिकअप. छत खाली आणायला एक कपॅसिटर पुरतो.

हा कपॅसिटर खरोखर लावावा. घरी गिटार बहुधा ३ मीटर केबलने इंटरफेसला (गिटार संगणकाशी जोडणाऱ्या डब्याला) जोडलेली असते. तेव्हा स्ट्रॅटचा उंचवटा ५१०० हर्ट्झपर्यंत चढतो आणि हेडफोनमध्ये आवाज टोचतो. जुन्या रेकॉर्डवरचे वादक लांब, गुंडाळीच्या केबल वापरत. त्यांचा कपॅसिटन्स भरपूर असे. व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधकाच्या) इनपुट पायापासून अर्थला ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर एका छोट्या स्विचमधून जोडला की उंचवटा ३५०० हर्ट्झवर येतो. १००० पिकोफॅरडला २७५० हर्ट्झ. तीन स्थितींचा स्विच, मधली स्थिती बंद, एका बाजूला ४७०, दुसऱ्या बाजूला १०००: एका पिकअपचे तीन स्वभाव. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतात. त्यांवर ‘४७१’ आणि ‘१०२’ असे आकडे छापलेले असतात. महागडा पिकअप बदलण्याआधी हा प्रयोग करून पाहावा, अनेकदा तिथेच समाधान होतं.

घरातल्या दोन अडचणी: इनपुट आणि गुणगुण

गिटार ज्यात खुपसतो त्या इनपुटचा रोध १ मेगाओहमच्या आसपास हवा. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं बटण असतं, ते दाबलेलं असावं. चुकून लाइन इनपुटमध्ये लावलं, तर तिथला रोध साधारण १० किलोओहम. मग स्ट्रॅटचा ट्रेबल १००० हर्ट्झच्या थोड्या वरूनच उतरू लागतो. ‘नवे पिकअप मेलेले वाटतात’ या तक्रारीचं हे फार वेळा सापडणारं कारण आहे, आणि दुरुस्ती एका बटणाची. उलट बाजूने, १४-१६ किलोओहमचा जोरकस पिकअप अनेक इंटरफेसचं इनपुट गेन शून्यावर असतानाच लाल दिव्यापर्यंत नेतो. असे पिकअप १९७०च्या दशकात लोकप्रिय झाले, डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन त्यांतला अग्रणी. ॲम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हला जोरात धडक देणं हा त्यांचा हेतू. घरी सॉफ्टवेअरमध्ये गेन हवा तेवढा असतो, तिथे त्या धडकेचा उपयोग उरत नाही.

दुसरी अडचण गुणगुणीची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल ती ५० हर्ट्झची लहर व तिचे वरचे पट आनंदाने पकडते. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक चुंबकीय ‘घूं’: ट्रान्सफॉर्मर, मोटर, जुना चोक यांच्याजवळ वाढते, गिटार फिरवली की कमी-जास्त होते. दुसरी विद्युत ‘झरझर’: पंख्याचा सलग फिरणारा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी बल्ब, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर यांतून येते आणि तारांना हात लावला की बऱ्याचदा कमी होते. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून केलेलं शील्डिंग झरझर कमी करतं. घूं मात्र त्याने हटत नाही. त्याला दुसरी, उलट वेढ्यांची कॉइलच लागते. नुसतं शील्डिंग करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा घूंची असते.

आधी फुकटचे उपाय करावेत. रेग्युलेटर पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवावा, लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, ॲम्पपासून दोन मीटर लांब आणि थोडं तिरकं बसावं. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पिकअपचा विचार बाजूला ठेवून वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. तो जिवाशी खेळ आहे.

जुने पिकअप नेमके कसे होते

गिब्सनचा पी-९० १९४६चा. एका जाड कॉइलखाली दोन पट्टीचुंबकं, मधून स्क्रू. मिड भरपूर, कडेला धार, गेन दिला की गुरगुरतो. फेंडरची टेलिकास्टर १९५१पासून त्या नावाने विकली जाऊ लागली. तिच्या ब्रिज (तारांच्या खालच्या टोकाकडच्या) पिकअपखाली तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते, त्यामुळे स्ट्रॅटच्या ब्रिजपेक्षा तो भरीव लागतो. स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. तिला सुरुवातीला तीनच स्थितींचा स्विच होता. पाच स्थितींचा स्विच कारखान्यातून १९७७पासून आला. मधले, पाणीदार ‘दोन’ आणि ‘चार’ नंबरचे आवाज त्याआधी वादक स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवून काढत. आज बहुतेक संचांत मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असतो, म्हणून या दोन स्थितींत घूं जवळपास नाहीशी होते. संच घेताना हे विचारून घ्यावं. अगदी काटेकोर जुन्या घडणीच्या संचात ही सोय नसते.

सेठ लव्हर यांनी गिब्सनसाठी केलेल्या हमबकरचा पेटंट-अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ला. मधल्या काळात पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं लेबल लागलं आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पीएएफ हे नाव रूढ झालं. गंमत म्हणजे नंतरच्या लेबलवर गिब्सनने छापलेला पेटंट क्रमांक या पिकअपचा नव्हताच, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा (तारा अडकवायच्या भागाचा) होता. त्या काळच्या वेढ्यांचा हिशेबही काटेकोर नव्हता, दोन कॉइलींत शे-दोनशे वेढ्यांचा फरक पडे. असमान कॉइलींमुळे घूं पूर्ण मरत नाही, पण आवाजात थोडी हवा राहते. चांगले नकलकार हा फरक मुद्दाम ठेवतात. ग्रेच कंपनीचा फिल्टरट्रॉन रे बट्स यांचा, १९५७च्या सुमाराचा, ४ ते ५ किलोओहमचा: हमबकर असून चमकदार. घरासाठी तो फार चांगला पर्याय आहे, पण त्याचा आकार वेगळा. साध्या हमबकरच्या चौकटीत बसणारा प्रकार मागावा लागतो.

चुंबक, आणि जी तारेचा खांब

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको ५ जोरदार: बेस घट्ट, ट्रेबल ठसठशीत. अल्निको २ मवाळ: कडा गोल, बेस थोडा सैल. अल्निको ३ त्याहून दुबळा. सुरुवातीच्या टेलीत तो असे. पीएएफमध्ये हाताला येईल तो अल्निको वापरला जाई. कमी आवाजात, हेडफोनवर, ब्रिजच्या हमबकरमध्ये अल्निको २ कानाला सोसवतो; नेकला मात्र त्याचा सैल बेस चिखल करू शकतो, तिथे ५ किंवा ४ बरा.

हमबकरचं चुंबक बदलता येतं: खालचे चार स्क्रू सैल करायचे, पट्टी सरकवून काढायची, तिची दिशा मार्करने खुणावून नवी त्याच दिशेने घालायची. पिकअपवर धातूचं झाकण असेल तर आधी त्याचे डाग उतरवावे लागतात. फेंडर पद्धतीच्या पिकअपला हा प्रयोग कधीही करू नये. तिथे चुंबकाच्या कांड्यांवरच कॉइल गुंडाळलेली असते. कांडी ढकलली की आतली तार तुटते आणि पिकअप संपतो.

त्याच कांड्यांची उंची तपासा. १९५०च्या दशकात तिसरी, म्हणजे जी तार गुंडाळलेली असे आणि तिचा आवाज कमी यायचा, म्हणून तिच्याखालचा खांब उंच ठेवला. आज जवळजवळ सगळे साधी जी तार लावतात. जुन्या उतरंडीच्या खांबांवर ती तार बाकीच्यांच्या डोक्यावर बसून ओरडते. साध्या जी तारेसाठी सपाट किंवा आधुनिक उतरंडीचे खांब मागावेत. इतिहासाशी इमान राखायचंच असेल तर गुंडाळलेली जी तार आणि शुद्ध निकेलच्या तारांचा संच लावा. टोन खरोखर मऊ होतो, बोटांना मात्र जड जाईल.

झाकणाबद्दल थोडक्यात: जर्मन सिल्व्हरचं झाकण ट्रेबलला फारसं अडवत नाही, पितळेचं अडवतं. मेणात बुडवलेला पिकअप घ्यावा की न बुडवलेला, यावर मंचावर वाजवणाऱ्यांनी भांडावं. घरच्या आवाजात पिकअपने शिट्टी मारण्याची (फीडबॅकची) वेळ सहसा येत नाही, त्यामुळे न बुडवलेला चालतो.

काय घ्यावं

एकच गिटार आणि जास्तीत जास्त प्रकार हवे असतील तर स्ट्रॅट घाटाची, ब्रिजला हमबकर असलेली रचना सर्वात सोयीची. नेक आणि मध्ये ५.८ ते ६.२ किलोओहमचे, अल्निको ५चे, मधला उलटा असे सिंगल कॉइल, ब्रिजला ७.८ ते ८.३ किलोओहमचा पीएएफ घाटाचा, अल्निको २ किंवा ५चा, चार तारांचा. चार तारांचा आग्रह धरावा. जुन्या पद्धतीच्या एकेरी जाळीदार तारेच्या हमबकरमध्ये कॉइल वेगळ्या करता येत नाहीत.

हमबकर ‘स्प्लिट’ करून, म्हणजे त्याची एकच कॉइल चालू ठेवून, स्ट्रॅट मिळते, हा समज बराचसा फसवा आहे. पीएएफची एक कॉइल म्हणजे ५००० वेढे, स्ट्रॅटचे ८०००. आवाज बारीक होतो आणि घूं परत येते. दोन्ही कॉइल समांतर जोडणं जास्त शहाणपणाचं. घूं येत नाही, इंडक्टन्स सुमारे १.१ हेन्रीवर उतरतो, आवाज स्वच्छ होतो. फार चकचकीत वाटला तर वरचा १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडा, ५ मीटर केबलवर उंचवटा ३८०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे स्ट्रॅटच्या गल्लीत येतो. हुबेहूब स्ट्रॅट नव्हे, कारण तार अजूनही दोन जागांवरून ‘ऐकली’ जाते. पण रात्री अकराला शेजारच्या इन्व्हर्टरसकट वाजवता येईल असा स्वच्छ टोन मिळतो. स्प्लिटच हवं असेल तर मधला जोड थेट अर्थ न करता २.२ किलोओहमच्या रोधकातून करावा. दुसरी कॉइल थोडी जिवंत राहते आणि आवाज पोकळ होत नाही.

समांतर जोडणीसाठी दोन ध्रुवांचा, दोन स्थितींचा, सहा पायांचा स्विच लागतो. सेमूर डंकन कंपनीच्या रंगसंगतीत काळी तार गरम (सिग्नलची), पांढरी आणि लाल एकत्र, हिरवी व उघडी अर्थ: ही नेहमीची सिरीज (एकामागे एक) जोडणी. पांढरी एका मधल्या पायाला, लाल दुसऱ्या मधल्या पायाला लावा. एका बाजूचे दोन पाय तारेने एकमेकांना जोडा. दुसऱ्या बाजूचा पांढऱ्याशेजारचा पाय अर्थला, लालशेजारचा काळ्याला. डिमार्झिओत रंग वेगळे: लाल गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थ. रंगांवर विश्वास न ठेवता त्या त्या कंपनीचा तक्ता पाहावा.

गिब्सनच्या लेस पॉल घाटाच्या गिटारीत नेकला ७.२ ते ७.५, ब्रिजला ८च्या थोडं वर. नेकला मुद्दाम कमी, कारण तिथे तारेचा झोका मोठा असतो; दोन्ही सारखे घेतले तर नेक ब्रिजला गिळतो. टेलीवाल्यांनी ब्रिजला ६.५ ते ७ किलोओहमच्या आसपास राहावं आणि पैसे उरले तर नेकला पीएएफ घाटाचा हमबकर बसवावा. लाकूड कोरावं लागेल, ते आधी लक्षात घ्या.

पॉट आणि एक जुनी तडजोड

सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हमबकरला ५००चे. पॉट कॉइलवर भार टाकतो, भार वाढला की उंचवटा सपाट होतो. सिंगल कॉइलला ५०० लावला तर टोचतो, हमबकरला २५० लावला तर मंदावतो. दोन्ही एकाच गिटारीत असतील तर व्हॉल्यूमला ५०० लावा आणि प्रत्येक सिंगल कॉइलच्या गरम तारेपासून अर्थला ४७० किलोओहमचा रोधक डागा. स्विचने तो पिकअप निवडला तेव्हाच रोधक भारात येतो, एकूण २४२ किलोओहम दिसतात. नेक आणि मधला एकत्र असताना दोन्ही रोधक लागतात आणि भार १६० किलोओहमपर्यंत जातो. त्या स्थितीचा आवाज तसाही चकचकीत असतो, त्यामुळे हे खटकत नाही.

पॉटवरचं ‘ए’ अक्षर म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला ए घ्या. अमेरिकन पॉटची मान सुमारे ९.५ मिमी, आशियाई पॉटची ७ ते ८ मिमी. आशियाई बनावटीच्या गिटारीत अमेरिकन पॉट घालायचा तर भोक मोठं करावं लागतं.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज कोंदट होतो, ही घरच्या वादकाची मोठी तक्रार. उपाय दोन. टोन नॉब व्हॉल्यूमच्या इनपुट पायाऐवजी मधल्या पायाला जोडायचा, गिब्सनच्या १९५०च्या दशकातल्या पद्धतीप्रमाणे; ट्रेबल टिकतो, पण मग टोन फिरवला की व्हॉल्यूमही थोडा हलतो. किंवा व्हॉल्यूमच्या इनपुट आणि मधल्या पायांमध्ये १२०० पिकोफॅरड आणि १३० किलोओहम एकामागे एक जोडायचे. दोन्ही एकदम केले तर आवाज उतरताना पातळ होतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, त्यावर ‘२२३’ छापलेलं. तेलात बुडवलेला, कागदी, ‘खरा पन्नासचा’ म्हणून दसपट किमतीला मिळणारा कपॅसिटर त्याच मूल्याचा असेल तर त्याच आवाजाचा असतो. ते पैसे तारांवर खर्च करावेत.

मागवण्याआधी आणि बसवताना

आधी जुन्या पिकअपांचीच उंची लावून पाहा. पहिली आणि सहावी तार शेवटच्या पडद्यावर दाबायची, तारेच्या खालच्या कडेपासून खांबापर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजायचं. स्ट्रॅटला सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिलीखाली २ मिमी ही सुरुवात. हमबकरला ब्रिजवर दोन्हीकडे १.६, नेकवर बेसच्या बाजूला २.४ आणि ट्रेबलच्या बाजूला १.६. अल्निको ५च्या कांड्या फार जवळ आल्या तर चुंबक तारेला ओढतं: बाराव्या पडद्याच्या वर जाड तारेवर एका सुराचे दोन सूर, डगमगते, ऐकू येतात आणि सूर कितीही लावला तरी लागत नाही. लोक ब्रिजची सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) हलवत बसतात. दोष पिकअपचा असतो. अर्धा-अर्धा मिमी खाली नेत जा. उंचीची ही जुळवाजुळव मंद आवाजातच करा. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही कमी जाणवतात, त्यामुळे दुकानात मोठ्याने ऐकून पसंत केलेला टोन घरी वेगळाच वाटतो.

मग मापं. हमबकरच्या पहिल्या-सहाव्या खांबांतलं अंतर जुन्या गिब्सन मापात सुमारे ४९ मिमी, फेंडर ब्रिजसाठी ५१ ते ५३ मिमी. तार खांबाच्या मध्यापासून एक-दोन मिमी सरकली तर आवाज बिघडत नाही, पण डोळ्यांना खुपत असेल तर योग्य माप मागवा. पोकळीची खोलीही मोजा. पातळ शरीराच्या गिटारीत पिकअपचे पाय तळाला टेकतात.

बसवायला ४० ते ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, रुंद टोकाचा, ६०/४०चं रोझिनवालं सोल्डर. काम सुरू करण्याआधी जुन्या वायरिंगचे फोटो काढा. पॉटची पाठ बारीक पॉलिश पेपरने घासली की सोल्डर लगेच धरतं, तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. दहा सेकंद आयर्न टेकवून बसलात तर पॉटच्या आतला पट्टा भाजतो आणि पुढे तो फिरवताना करकरतो. उघड्या कॉइलभोवती कागदी टेप गुंडाळून ठेवा. चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचून घेतं आणि ०.०६३ मिमीची तार एका ओरखड्यात तुटते. शील्डिंग केलं असेल तर जॅकचा गरम पाय तांब्याच्या पट्टीला टेकत नाही ना, ते पाहा. टेकला तर गिटार पूर्ण मुकी होते आणि दोष पिकअपला दिला जातो.

तारा चढवण्याआधी केबल लावून प्रत्येक पिकअपच्या खांबावर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा, स्विचच्या प्रत्येक स्थितीत योग्य तोच बोलतो का ते कळेल. नंतर फेज. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की ते उलटे पडण्याची शक्यता असते: एकेकटे उत्तम, दोन एकत्र केले की बेस गायब, आवाज नाकातून. तपासायला मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपच्या तारांना जोडा, खांबांवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, पाहा. सगळ्या पिकअपांत एकाच दिशेला गेला पाहिजे. एखादा उलटा निघाला तर सिंगल कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा. टेलीच्या नेक पिकअपचं धातूचं झाकण अर्थच्या तारेलाच जोडलेलं असतं. तिथे आधी झाकणाला वेगळी तार द्यावी लागते, नाहीतर झाकणच सिग्नलच्या तारेला जोडलं जाऊन झरझरतं. जाळीदार एकेरी तारेच्या हमबकरमध्ये अदलाबदल शक्यच नाही, त्याचं चुंबक उलटं करावं लागतं. गिटारवादक पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा मधल्या स्थितीतला तो प्रसिद्ध पोकळ, रडवेला आवाज नेक पिकअपचं चुंबक असं उलटं असल्यामुळेच येत असे. तो हवा असेल तर राहू द्या तसंच.